मंगळावरची शंभर किलो संत्री

लांजेवार सरांची आणि माझी पहिली भेट गुरू ग्रहावर झाली, असं म्हटलं तरी चालेल. नागपुरातल्या आमच्या लहानशा विज्ञान प्रदर्शनात सर ग्रहांचं दालन सांभाळतात. तिथे वजनाची यंत्रं ओळीने मांडली आहेत. प्रत्येक यंत्र एकेका ग्रहावरचं तुमचं वजन दाखवतं. मी पारशिवनीहून मदतनीस म्हणून रुजू झालो त्या दिवशी, कोणी नाही असं पाहून, गुरूच्या यंत्रावर चढलो. बासष्ट किलोचा मी, आकडा आला एकशे पंचावन्न! मागून सर म्हणाले, “काहून घाबरून राहिले गा? जेवण कमी करू नका. तो ग्रहच जोरात ओढते.”

तेव्हापासून आठ वर्षं सर मला गुरुत्वाकर्षण शिकवत आहेत आणि मी अजून गोंधळलेलाच आहे. चंद्र लहान, म्हणून कमी ओढतो, हे पटतं. पण शनी एवढा अवाढव्य, तरी त्याच्या यंत्रावर मी जेमतेम सहासष्ट! शनी फुगलेला आहे, त्याचा पृष्ठभाग केंद्रापासून फार लांब पडतो, असं सर समजावतात. मी मान हलवतो. घरी पोहोचेपर्यंत सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता या महिनाअखेर सर साठीनिमित्त निवृत्त होत आहेत आणि एक तारखेपासून त्या यंत्रांपाशी मला एकट्याला उभं राहायचं आहे. खरं सांगतो, मला भीती वाटते.

सरांचा मोठेपणा सांगायला एक प्रसंग पुरे. नरखेडकडच्या एका बागायतदारांनी मला विचारलं, “माह्याकडची शंभर किलो संत्री मंगळावर अडतीसच भरतीन काय?” मी ऐटीत “हो” म्हणालो. “मंग तं नुकसानच हाय,” म्हणत ते हसत गेले. सर मागेच उभे होते, पण चारचौघांत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते घरून जुना तराजू आणि किलोभर संत्री घेऊन आले. एका पारड्यात संत्री, दुसऱ्यात किलोचं माप. “मंगळावर संत्री हलकी होतीन, तं हे माप काहून जड राहीन? तेही तेवढंच हलकं होईन. तराजूत किलो तो किलोच.” मग यंत्र खोटं का, असं मी विचारलं. सर म्हणाले, “दोन्ही खरे. यंत्र ओढ मोजते, तराजू मालाची तुलना करते.” मी पुन्हा गोंधळलो.

सरांनी मात्र अभिप्राय वहीतून त्या बागायतदारांचा फोन नंबर शोधला आणि माझ्यासमोर फोन लावला. “काल आमच्याकडून चुकीचं सांगितल्या गेलं,” असं ते म्हणाले. चूक माझी एकट्याची होती. त्यांनी ‘आमच्याकडून’ म्हटलं. माझे डोळे भरून आले.

परवा मी विचारलं, “सर, कोणी शनीचं विचारलं तर काय सांगू?”

“सांगायचं, मलेही पुरतं समजलं नाही, या, मिळून पाहू.”

“आणि मिळूनही नाही समजलं तर?”

“मंग मले फोन करा.”

सरांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो. ही प्रार्थना मी अगदी मनापासून आणि पूर्ण स्वार्थाने करतो आहे.