दुपारची सतरंजी

व्यंकट हाळीकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दाराशी स्टुलावर बसले होते. मला ते वॉचमनच वाटले. नांदेडात गल्लोगल्ली शिकवणी वर्गांच्या पाट्या लागत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. या वर्गांच्या परीक्षांचे निकाल तयार करणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम सरांच्या छोट्या ऑफिसात लिहिले जात, आणि मी लोह्याहून एसटीने मुलाखतीला आले होते. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. आत सतरंजीवर पाच-सहा जण गाढ झोपलेले.

"पोरं काम करून राहिलेत," सर हळूच म्हणाले. "तू जेवलीस का? मग तूबी पड घटकाभर. मुलींची खोली आतली हाय."

मुलाखतीला जाऊन आधी झोपलेली अख्ख्या मराठवाड्यात मी एकटीच असेन.

दुपारी दोन ते तीन झोप आणि संध्याकाळी सहाला मशीन बंद, हा सरांचा नियम. फोनचा रिसीव्हर ते स्वतः काढून ठेवत. त्या तासाची आठवण आजही अंगावर पातळ चादरीसारखी येते. पंख्याची संथ घरघर, पडद्यातून झिरपणारा पिवळा उजेड, कुणीतरी अर्धापूरहून आणलेल्या केळ्यांचा वास, आणि मिटल्या डोळ्यांपुढून तरंगत जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी. उठल्यावर अडलेलं काम लगेच सुटायचंच असं नाही, पण त्याचा राग गेलेला असायचा. मला ते काम आवडू लागलं ते तिथेच.

एका शनिवारी त्याच वेळी लातूरच्या एका मोठ्या वर्गाचे संचालक येऊन थडकले. आमचं निम्मं काम त्यांचं होतं.

"उद्या निकाल हाय, अन् तुमची मानसं घोरून राहिलेत? मी काम पुण्याला देतो!"

"द्या की साहेब," सर स्टुलावरून न उठता म्हणाले. "पन तीनपर्यंत बसा. मग द्या."

आतल्या खोलीत अर्धवट झोपेत मला ते स्वप्नच वाटलं. तीनला उठून मशीनपुढे बसले, आणि त्यांच्याच निकालातली, सकाळभर डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली चूक दिसली. एकाच नावाच्या दोन मुली होत्या, आणि प्रोग्रॅम दोघींना एकीचेच गुण देत होता. दुसरीची वर्षभराची मेहनत आम्ही पुसून टाकणार होतो. संचालक माझ्या मागेच उभे होते. त्यांनी मुकाट्याने एक केळं खाल्लं आणि काम आमच्याकडेच राहिलं.

त्या संध्याकाळी मी सरांना विचारलं, हे झोपेचं खूळ आलं कुठून? तेव्हा ते त्याबद्दल प्रथमच बोलले. भूकंपानंतर लातूरला नव्या घरांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्यांच्याकडे होतं. ते रोज सोळा-सोळा तास बसत आणि त्याचा त्यांना अभिमान वाटे. एक दिवस किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमधली एक म्हातारी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, समद्यायची नावं हायती. माजंच न्हाई."

पेंगुळल्या डोळ्यांनी सरांनी तिचीच ओळ गाळली होती. चूक दुरुस्त झाली, पण म्हातारीने आणखी एक उन्हाळा पत्र्याखाली काढला. "मला वाटायचं, मी लई काम करून राहिलो," एवढंच सर म्हणाले.

पुढे मी पुण्याला मोठ्या कंपनीत गेले, आणि कबूल करते, हे सगळं विसरले. रात्री नऊपर्यंत बसायचे, हाताखालच्यांनाही बसवायचे. एकदा थकलेल्या एका मुलीवर मी सगळ्यांदेखत ओरडले आणि ती रडत निघून गेली. फार लाज वाटली. मी सरांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची माफी मागितली. तेव्हापासून माझी टीम सहाला घरी जाते, आणि काम अडलेलं नाही.

सर, आज आपण साठ वर्षांचे झालात. आपल्याला खणखणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. पण एक तक्रार आहे. आम्हाला कुणी उठवू नये म्हणून आपण इतकी वर्षं दाराशी जागत बसलात. त्या सतरंजीवर आपल्याला आडवं झालेलं आम्ही कुणीही पाहिलेलं नाही.

सत्कार संध्याकाळी आहे. दुपारी दोनला आम्ही सतरंजी घालतो. जेवून या आणि निवांत पडा. स्टुलावर मी बसते.