बघून घेणारा आठल्ये

आठल्येबरोबर घराबाहेर पडायचं म्हणजे आधी अर्धा तास घरातच घालवायचा. दाराला कुलूप लावलं की तो ते तीनदा ओढून बघायचा. मग जिना उतरायचा, अगदी शेवटच्या पायरीवर थबकायचा आणि "गॅस बंद केला होता ना रे? थांब, बघून घेतलेलं बरं," म्हणत पुन्हा तीन मजले वर. गॅस बंद असायचा. दर वेळी बंदच असायचा. पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता, कारण त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "बंद आहे हे मला आत्ता कळलं. मघाशी नुसतं वाटत होतं."

वसंत आठल्ये मूळचा देवरुखचा. साठ-एकसष्टच्या सुमारास हॅनोव्हरमध्ये आम्ही एकाच घरात, एकाच मजल्यावर शेजारी शेजारी राहत होतो. तो टर्बाइनवर डॉक्टरेट करत होता आणि मी रसायनशास्त्रात. म्हणजे तो करत होता. मी मुख्यतः बटाटे खात होतो. गावात आम्ही सात-आठ मराठी पोरं होतो आणि सगळ्यांनी मिळून आठल्येला भित्रा ठरवून टाकलं होतं. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. साखर चाखून बघितल्याशिवाय हा प्राणी ती चहात घालत नसे, कारण म्हणे लहानपणी एकदा मीठ पडलं होतं! रस्त्यात कुणाच्या कोटाचं बटण लोंबताना दिसलं, तर ओळख असो नसो, हा जाऊन सांगणार.

अशा माणसानं एके दिवशी जेवता जेवता सांगितलं की त्याला विमान चालवण्याचा परवाना मिळालाय. माझ्या हातातला काटा खालीच पडला. वर्षभर दर रविवारी हा सायकलीवरून कुठे जातो याचा आम्हाला पत्ता नव्हता. गावाबाहेर एक हौशी वैमानिकांचा क्लब होता. तिथे हा मैदानातलं गवत कापायचा, पंख घासायचा, आणि त्या बदल्यात ते लोक त्याला स्वस्तात शिकवायचे.

"अरे, तू एकेरी वाहतुकीचा रस्ता ओलांडतानासुद्धा दोन्हीकडे बघतोस! तुला विमान दिलं कुणी?"

"म्हणूनच दिलं," तो शांतपणे म्हणाला. "तिथे दोन्हीकडे बघावं लागतं. शिवाय वर आणि खाली."

या विमानामागे एक मुलगी आहे हे मला आणखी महिन्याभरानं कळलं. अन्के त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये आराखडे काढायला होती. उंच, पिंगट केसांची, आणि हसली की सगळं दालन तिच्याकडे वळून बघायचं. सगळे पुरुष कामाच्या निमित्तानं तिच्या टेबलाशी घोटाळायचे. आठल्येही एकदा गेला, आणि तिच्या आराखड्यात एका मिलिमीटरची चूक आहे हे हळू आवाजात, प्रोफेसरांच्या कानावर न घालता, तिला सांगून परत आला. पुढे तिनंच मला सांगितलं, "दत्तू, बाकी सगळे माझ्याकडे बघत होते. यानं आराखडा बघितला." ती मराठीत पहिलं वाक्य शिकली ते "बघून घेतलंस का?" हे होतं. पुढे आयुष्यभर ती ते दिवसातून दहा वेळा वापरायची.

पण गाडं अडलं ते तिच्या वडिलांपाशी. हे यान्सेनबाबा उत्तर समुद्रातल्या यूस्ट नावाच्या छोट्या बेटावर राहायचे. त्या बेटावर मोटारी नाहीत, घोडागाड्या. बाबांचं सगळं आयुष्य बचाव-नौकेवर, बुडणाऱ्यांना बाहेर काढण्यात गेलेलं. आता म्हातारपणी ते बेटावरच्या विमानांच्या मैदानाची देखभाल करत. आठल्येची शिष्यवृत्ती त्या शरद ऋतूत संपत होती आणि नंतर त्याला परत जावं लागणार होतं. बाबांचं म्हणणं, न बघितलेल्या माणसाबरोबर मी मुलीला इतक्या लांब पाठवणार नाही. अन्के सुट्टीत घरी जाऊन महिनाभर भांडली, तेव्हा कुठे निरोप आला: रविवारी दुपारी तीन वाजता चहाला या. आलात तर बोलू. नाही आलात तर हा विषय बंद.

आता आमची कामं शनिवारीसुद्धा चालायची, आणि बेटावरची बोट भरती-ओहोटी बघून सुटायची. एका दिवसात बोटीनं जाऊन येणं अशक्य. म्हणून विमान, आणि म्हणूनच वर्षभराचं ते गवत कापणं!

"तू बरोबर यायचंस," आठल्ये म्हणाला. "मागणी घालायला."

"मी?"

"मग काय मी स्वतः घालू? बरं दिसतं का ते? वडीलधारं कुणी नको का?"

"अरे मेल्या, मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "मोठा आहेस ना? झालं तर."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कोपऱ्यावरच्या कोळसेवाल्याकडे नेऊन त्याच्या काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो. त्यानं खिशातून वही काढली, बेरीज केली आणि दोन आठवड्यांत चार किलो उतरव म्हणून फर्मान काढलं. विमान दोघांचं, पंख कापडी, इंजिन फटफटीला लाजवेल असं. त्याला माझा भार सोसायचा नाही म्हणे. दोन आठवडे मी काकड्या खाल्ल्या. मुलीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून आम्ही रव्याचे लाडू वळले. तेही त्यानं तोलले. शनिवारी संध्याकाळी डबा दोनशे ग्रॅम जास्त भरला तेव्हा मी उदार मनानं म्हटलं, "आण इकडे, चार लाडू खाऊन टाकतो, वजन कमी होईल."

"डब्यातून निघून तुझ्या पोटात गेले," तो म्हणाला, "तरी विमानातच ना रे बसणार?"

रविवार उजाडला तो लख्ख. मैदानावर आठल्ये विमानाभोवती असा फिरला की देवळाभोवतीसुद्धा कुणी इतक्या प्रदक्षिणा घातल्या नसतील. पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरलं, पाणी नाही ना बघायला. पंख हलवून बघितले. माझा पट्टा ओढून बघितला. मग पुन्हा पेट्रोल. मी माझ्या वडिलांनी बॅगेत घातलेली काळी टोपी डोक्यावर ठेवून, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन, वडीलधाऱ्यासारखा बसलो होतो. आणि मग ते खटारं गवतावरून धावायला लागलं, धावलं, धावलं, आणि खडखडाट एकाएकी थांबला. जमीन सुटली होती!

काय सांगू तुम्हाला! मी आधी देवाचं नाव घेतलं, मग हसायला लागलो, मग गायला लागलो. इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सुरांची काळजी नव्हती. खाली गायी, कालवे, लाल कौलांची घरं, चर्चमधून बाहेर पडणारी माणसं. मी सगळ्यांना हात करत होतो. पावणेदोन तासांनी जमीन संपली. ओहोटी होती, समुद्र मागे गेला होता आणि मैलोन् मैल ओला चिखल उन्हात चमकत होता. त्याच्या पलीकडे बेटं, पंगतीला बसल्यासारखी एका ओळीत. "आठल्या, लेका, तू राजा आहेस!" मी ओरडलो. "डबा नीट धर," तो ओरडला.

पेट्रोल भरायला आम्ही आधी नॉर्डरनाय बेटावर उतरलो. तिथे आठल्येनं सदरा बदलला आणि मला मागणीची वाक्यं जर्मनमध्ये दोनदा म्हणायला लावली. तिथून यूस्ट पाच-सहा मिनिटांवर. अडीचच्या सुमाराला आम्ही पुन्हा उडालो.

समोर यूस्ट दिसत होतं. वाळू, गवत, आणि लांबवर कौलं. आणि उजव्या हाताला, समुद्रावर, एक पांढरी भिंत होती. मला ती ढगासारखी वाटली, छानच वाटली. ती भिंत बघता बघता पुढे सरकली आणि कौलं दिसेनाशी झाली. मग गवत.

"चल, चल, तिथेच आहे!" मी ओरडलो. "दिसतंय की!"

"दिसत होतं," आठल्ये म्हणाला, आणि त्यानं विमान वळवलं.

मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. एवढं आयुष्य पणाला लावलंय, मुलगी चहा मांडून बसलीय, दोन मिनिटांवर मैदान, आणि हा भागूबाई शेपूट घालतोय! तो सरळ मागे आला. नॉर्डरनायला उतरला, इंजिन बंद केलं, सगळे खटके तीन-तीनदा बघितले. मग घड्याळ बघितलं. तीनला दहा मिनिटं कमी होती.

"तू फोन कर," तो म्हणाला. "वडीलधारा तू आहेस."

मैदानावरच्या खोपटात फोन होता. जोडून मिळाला तेव्हा पलीकडून एकच शब्द आला. "मॉइन." तिकडचे लोक सकाळ असो की संध्याकाळ, एवढंच म्हणतात. मी नाव सांगितलं.

"विमानाचा आवाज आला," यान्सेनबाबा म्हणाले. "मग लांब गेला. कुणी फिरवलं? त्यानं की तुम्ही?"

माझा राग अजून उतरला नव्हता. "मी? मी कशाला फिरवू! मी तर चल पुढे म्हणून बोंबलत होतो! तोच ऐकेना. तो असाच आहे हो. गॅस पुन्हा पुन्हा बघतो, साखर चाखून बघतो, कुलूप लावलं तर ओढून बघतो..."

एवढं बोलून माझी नजर आठल्येच्या चेहऱ्याकडे गेली आणि मी भानावर आलो. अरे देवा! मागणी घालायला आलेला वडीलधारा, आणि फोनवर मुलाचे दोष वाचून दाखवतोय! मला वाटलं, आता ठेवतात फोन.

"कितीदा?" बाबांनी विचारलं.

"काय कितीदा?"

"कुलूप."

"तीनदा," मी मेल्या आवाजात सांगितलं.

"हं. मी दोनदा ओढतो." ते म्हणाले. "तरुण माणसा, तीस वर्षं मी धुक्यातून माणसं शोधून आणली. काही जिवंत, काही नाही. ती सगळी धाडसी होती. साडेपाचला मोकळं होईल. चहा पुन्हा ठेवतो."

फोन बंद झाला. मी आठल्येला सांगितलं. तो खोपटाबाहेर गवतावर मटकन बसला आणि हसायला लागला. मीही हसायला लागलो. मग मी त्याची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मित्राची मनापासून मागितलेली माफी होती ती. तो म्हणाला, "असू दे रे. डबा बघ, लाडू फुटले नाहीत ना?"

साडेपाचला खरंच आभाळ धुतल्यासारखं झालं. आम्ही यूस्टला उतरलो तेव्हा मैदानाच्या कडेला अन्के दोन्ही हात हलवत धावत होती आणि मागे एक बुटका, रुंद म्हातारा नावाड्याची टोपी घालून उभा होता. मी काळी टोपी सारखी केली. घोडागाडीतून घरी गेलो. एका बाजूला त्यांची टोपी, एका बाजूला माझी, मध्ये चहाची किटली. मी उभा राहून पाठ केलेलं म्हणालो, "आमच्या मुलासाठी आपली मुलगी मागायला आम्ही आलो आहोत."

"तुमचा मुलगा?" बाबांनी मला न्याहाळलं. "तुमचं वय काय?"

"सव्वीस," मी म्हटलं.

"आणि त्याचं?"

"पंचवीस संपून... सव्वीसच."

म्हातारा पहिल्यांदा हसला तो असा की घरातल्या कपबशा वाजल्या. मग लाडू खाल्ला, आणखी एक खाल्ला, आणि अन्केला म्हणाला, "तुझं काय म्हणणं?" "माझं मार्चमध्येच सांगून झालंय," ती म्हणाली. झालं, ठरलं! पण चहा काही थांबेना. पुरे झाला की कपात चमचा ठेवायचा असतो ही तिकडची रीत आम्हाला कुणी सांगितली नव्हती. कप रिकामा झाला की बाबा भरायचे, आणि नाही कसं म्हणायचं म्हणून मी प्यायचो. सातव्या कपाला आठल्येचा धीर सुटला. "दत्तू, पुरे! चहालाही वजन असतं!"

उन्हाळ्यात तिकडे नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून अंधार पडायच्या आत आम्ही हॅनोव्हरला पोचलो. त्या रात्री मी घरात शिरण्याआधी कुलूप ओढून बघितलं, उगीचच.

आठल्ये गेल्या वर्षी गेला. अन्केनं लिहिलं होतं की हॉस्पिटलात निघतानासुद्धा त्यानं तिला गॅस बघायला दोनदा परत पाठवलं. ते वाचून मी मोठ्यानं हसलो आणि मग बराच वेळ रडलो. पण मला तो आठवतो तो सरकारी कचेरीतल्या त्यांच्या लग्नातला. त्या लांब टेबलापाशी, नव्या कोटात, ताठ बसलेला. अधिकाऱ्यानं चष्मा लावला, कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली, "श्रीयुत आठल्ये, आपण इथे उपस्थित असलेल्या..."

"या!" आठल्ये म्हणाला. जर्मनमध्ये "या" म्हणजे "हो".

अधिकारी थांबला. चष्म्यावरून त्यानं बघितलं. "प्रश्न अजून संपलेला नाही."

यान्सेनबाबांचे खांदे हसून गदगदत होते. अन्के त्याच्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मराठीत तिनं विचारलं, "बघून घेतलंस का?"

"छे गं," आठल्ये म्हणाला. "यात काय बघायचंय!"