पिकअपला वायझर बसवले तेव्हा

राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी ग्वाल्हेरला सिंचनाच्या कचेरीत नकाशे उतरवून काढायचं काम करत होते. जमिनीबरोबर माणसांचीही वाटणी झाली. नोकरीत मागून लागलेल्यांना नव्या राज्यात जावं लागलं, आणि मी त्यांतलीच होते. ऐन थंडीत हुकूम आला, रायपूरला हजर व्हा.

हे कामाला होते ती बिर्लानगरातली मिल तोवर बंद पडली होती. ह्यांनी एक जुनी पिकअप घेतली होती आणि पडाव भागातल्या स्टँडवरून माल वाहत होते. धंद्याचा जम नुकता कुठे बसला होता. शिवाय कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या घरी सासरे होते, आणि त्यांना गाव सोडायचं नव्हतं. तेव्हा मी एकटीनंच जायचं हे कोणी न बोलताच ठरलं. तिकडून इकडे यायला तयार असलेलं कोणीतरी मिळेल, अदलाबदल होईल, वर्ष-दोन वर्षांत परत येशील, असं जो तो म्हणायचा. मीही तेच म्हणत होते.

सामान पिकअपमधूनच न्यायचं होतं. अडचण माझी होती. बंद गाडीत मला मळमळतं. आणि त्या दिवसांत इकडे असं धुकं पडतं की काचा बंद केल्या तर समोरची काच आतून धुरकटते, उघडल्या तर कानशिलं बधिर होतात. ह्यांनी स्टँडवर एका गाडीला वायझर लावलेले पाहिले होते. खिडकीच्या वरच्या कडेला छज्ज्यासारखी वाकवलेली प्लास्टिकची पट्टी. तिच्या आडोशाला काच चार बोटं खाली ठेवता येते. हवा येते, पण वारा नि पाऊस थेट तोंडावर येत नाही.

आम्ही दोघं पडावला जाऊन पाहून आलो. दुकानदारानं दोन प्रकार काढून ठेवले. एक काचेच्या खाचेत दाबून बसवायचा, दुसरा बाहेरून चिकटवायचा. खाचेतला मजबूत, असं त्याचं म्हणणं. ह्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि नको म्हणाले, आपल्या गाडीची काच आधीच अडत अडत वर जाते, खाच आणखी अरुंद झाली तर हँडलच तुटेल. मग रंगाचा प्रश्न निघाला. काळपट जोडी दिसायला छान होती, मला तीच हवी होती. ह्यांनी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरून विचारलं, यातून रस्ता दिसतो का तुला? तिकडचा सगळा मुलूख तू पहिल्यांदाच बघणार आहेस. आम्ही पांढरी, आरपार दिसणारी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, म्हणून दुपारीच बसवायला घेतले. ह्यांनी दरवाज्याची चौकट आधी साबणाच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं पुसली. पट्टी नुसती धरून पाहिली, पेन्सिलीनं खुणा केल्या. पण थंडीत चिकटपट्टी पकडेना. मी इस्त्री तापवून फडक्याच्या घड्या गरम करून देत होते, हे त्या पत्र्यावर दाबून धरत होते. पत्रा कोमट झाला की पट्टी टेकवायची आणि अंगठ्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत न्यायची. दुसरी पट्टी बसली तेव्हा ऊन उतरलं होतं. मग ह्यांनी पुडक्यावरची सूचना वाचली. काचा बंद ठेवून गाडी एक दिवस हलवायची नाही.

असा आम्हाला एक दिवस जास्तीचा मिळाला.

त्या दिवशी मी डबे भरले, गाद्या बांधल्या. चहा घेऊन बाहेर गेले तर हे पिकअपमध्ये काचा बंद करून नुसते बसले होते. मी पलीकडच्या दारानं आत चढले. थोडा वेळ आम्ही चहा प्यायलो. मग समोर बघतच हे म्हणाले, "तू म्हणालीस तर गाडी विकतो. बाबांना समजावू. तिकडेही मिळेल काहीतरी काम."

मी म्हटलं, "कशाला विकता? वर्ष-दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे."

"बरं," एवढंच म्हणाले, आणि माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

मी शहाणपणाचंच बोलले होते. आजही कोणी विचारलं तर त्या वेळी तेच बरोबर होतं असंच सांगेन. पण हे विचारत होते, तुला मी सोबत हवा आहे का, आणि मी हिशेबाचं उत्तर दिलं.

प्रवास छान झाला. झाशीपर्यंत धुकं होतं, पुढे सागर, जबलपूर करत गेलो. मला एकदाही मळमळलं नाही. रायपूरला दोन खोल्यांत सामान लावून हे परत निघाले, तेव्हा गाडी गल्लीतून वळेपर्यंत मी उभी होते.

अदलाबदलीला कोणी मिळालं नाही. एकदा एक बाई तयार झाल्या, पण ऐन वेळी त्यांच्या घरचे आडवे आले. मी दिवाळीला यायची, उन्हाळ्यात यायची. सुरुवातीला हेही यायचे, मग सासऱ्यांना एकटं ठेवता येईना. सासरे गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोनवर आम्ही गॅस सिलेंडर आणि तब्येत, एवढंच बोलायला लागलो. भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे वाटायचं.

बदलीचा हुकूम शेवटी आला तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. मी ग्वाल्हेरला परतले. ह्यांची नजर अधू झाली होती, पिकअप कधीच विकून टाकली होती. घर नीटनेटकं होतं. कुठला डबा कुठे ते मला विचारावं लागायचं आणि हे न चिडता सांगायचे, पाहुण्याला सांगावं तसं.

आता बरंच सुरळीत आहे. संध्याकाळी आम्ही कंपूतून चक्कर मारून येतो, ओळखीच्यांशी बोलतो. सकाळचा चहा हेच करतात, आधी एकट्यापुरता करायचे, आता दोघांचा करतात. आणि रोज विचारतात, "साखर किती घालू?" मी रोज सांगते.