शंकरची पहिली पंगत

माझा धाकटा दीर शंकर. मी लग्न होऊन हिंदी मुलखातल्या या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात, आले तेव्हा तो चड्डीत होता, म्हणून अरे-तुरे. आमच्या गणेश मंडळाच्या जेवणात तीस वर्षं वाढप्यांचा म्होरक्या तोच. पानावर मीठ स्वतः वाढायचा. त्याच्यामागून लिंबू, चटणी, कोशिंबीर. गेल्या पौषात लकवा झाला. हात सुधारला, पाय सुधारला, बोलणं परतलं, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं, झाला बरा!

मीही त्यातलीच. आंघोळ करून, पेपरचं एक पान वाचून हा सकाळी दहाला आडवा.

"अरे, झोपून काहून राहिला?"

"झोप नाही वहिनी. डोकं संपलं."

डोकं कसं संपतं? मी एम.ए. झालेली बाई, मला कळेना. टीव्ही चालू असताना कुणी बोललं की ओरडायचा, मग रडायचा.

भाद्रपदात हट्ट धरला, मीठ मीच वाढणार. आमचं शहर राजधानी झाल्यापासून जेवणारे दुप्पट, भोंगा तिप्पट. पहिली पंगत झकास. दुसरीत ओळ संपवून तो परत पहिल्या पानाशी आला. मग पुन्हा. माझ्या पानावर तिसऱ्यांदा मीठ पडलं. सगळे मान खाली घालून गप्प! शेजारच्या पानावरचे, बदली होऊन आलेले साहेब तर "धन्यवाद" म्हणाले. लिंबूवाला मागे खोळंबलेला.

"शंकर, पुरे! तीनदा झालं."

त्याने ओळीकडे पाहिलं. "कुठवर आलो होतो, वहिनी?"

मंडळाचे सचिव श्यामराव धावत आले. "दादा, आता आराम करा. उद्या शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू."

"मले शाल नको. काढून टाकून राहिले, तर तसं बोला ना!"

माझं डोकं फिरलं. श्यामरावांवर, भोंग्यावर, आणि स्वतःवर सगळ्यात जास्त. डोकं संपतं, हे आठ महिने हा सांगतच होता.

"पहिल्या पंगतीत चूक झाली का?" मी विचारलं.

"नाही, पण..."

"मग पुढल्या वर्षीही पहिली त्याची. तेवढा वेळ भोंगा बंद. दुसरी बसायच्या आत मी त्याला घरी नेईन."

"हव, पण लोक काय म्हणतील?"

"तीनदा मीठ घेऊन काही म्हणाले का?"

श्यामराव कबूल झाले. शंकर मात्र रिक्षात माझ्यावरच उखडला. "एकच पंगत? साऱ्या माझ्या होत्या, वहिनी."

रिक्षावाल्याने गाणं लावलं होतं. "भैया, बंद करो वो," मी म्हणाले.