चांगलं वळण

शेजारच्या काकूंकडे सत्यनारायणाला गेले, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत जाण्याआधी मी सगळ्या जोड्या ओळीत लावल्या. काकू कौतुकानं म्हणाल्या, "वडिलांनी वळण छान लावलंय हो तुला!"

वळण म्हणे! चपला वाकड्या दिसल्या की बाबा त्यांतलीच एक उचलायचे. पाठीवरचे वळ केव्हाच विरले, बाबाही गेले. हात मात्र अजून घाबरलेलेच आहेत, आणि लोक त्याला शिस्त म्हणतात.

प्रसाद घेऊन बसले, तेवढ्यात बाहेर कुणीतरी चपला भिरकावल्याचा आवाज आला. शिऱ्याचा द्रोण तसाच ठेवून, पंचेचाळीस वर्षांची मी धावत दाराशी गेले.

मागून काकू आपल्या लहानग्या नातीला सांगत होत्या, "बघ, शीक जरा मावशीकडून."