रंगनाथपंतांचा शब्द

एक्केचाळीस साली नगरकडच्या कर्जत तालुक्यात पावसानं दगा दिला आणि सरकारनं मिरजगावच्या बाजूला रस्त्याचं दुष्काळी काम काढलं. गोजरबाई तिथं खडी फोडायला जायची. तिचा नवरा सहादेव खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा. माणूस मोठा बोलका. पहार मारता मारता बायांच्या टोळीकडं बघून काहीतरी टोमणा हाणायचा, आणि गोजरबाई पदर तोंडाला लावून हसू दाबायची.

माघात एका सकाळी त्याची पहार आदल्या दिवशीच्या न फुटलेल्या सुरुंगावर पडली. तो सुरुंग तिथं राहिलाय हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. धुरळा बसला तेव्हा सहादेव दोन्ही हातांनी तोंड झाकून गुडघ्यावर बसलेला होता.

कामावरचे ओव्हरसियर रंगनाथपंत नगरच्या ब्राह्मण घरातले, तिशीही न गाठलेले. ते धावत आले, कुणाची वाट न बघता त्यांनी सहादेवला पाठीवर घेतलं आणि सडकेपर्यंत नेलं. खडीच्या लॉरीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन ते नगरच्या दवाखान्यापर्यंत बसून राहिले. त्यांचा सदरा रक्तानं भिजला होता. सहादेवचे डोळे मात्र दोन्ही गेले.

पंत दवाखान्यात भेटायला यायचे. म्हणायचे, "सहादेव, मी वर लिहिलंय. सरकार भरपाई देईल. तू घोर करू नकोस."

त्यांनी खरंच लिहिलं होतं. वरून उत्तरही आलं, की चौकशी चालू आहे. गोजरबाई नवऱ्याला घरी घेऊन आली, आणि जमेल तेव्हा कामावर जाऊन विचारत राहिली. पंत तिला बसायला सांगायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "होईल बाई, सरकारी काम आहे, वेळ लागतो."

शेजारचा गहिनीनाथ एकदा म्हणाला, "वैनी, नगरला वकील गाठा. सरकार आपनहून काय देत न्हाई."

खाटेवरचा सहादेव ताडकन उठून बसला. "ज्यानं मला पाठीवर वाहिलं त्याला कोर्टात उभा करू व्हय? त्यापरीस आंधळा बरा!"

 गोजरबाईलाही ते पटलं.

पुढं दिवाळीच्या सुमारास पंतांची खानदेशात बदली झाली. जाताना ते मुद्दाम घरी आले, नव्या साहेबांना सगळं सांगून ठेवलंय म्हणाले. नव्या साहेबानं तिला दोन-चार वेळा परत पाठवलं आणि उन्हाळ्यात सांगून टाकलं, की असा कागद आपल्याकडं नाहीच. त्या आठवड्यात ती सर्व्हिस मोटारीनं नगरला गेली. सहादेवनं या वेळी तिला अडवलं नाही.

दत्तोपंत वकिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी झालं हे?"

"गेल्या माघाच्या आदल्या माघात."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, अंगाला इजा झाली तर वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. सरकारवर लावायचा तर आधी नोटीसही द्यावी लागते. तुमचं वर्ष उलटून गेलंय. आता दावा चालणार नाही."

"पन आमी गप बसलो न्हवतो. सारखं जाऊन इचारत हुतो. सायेब म्हनायचे, वर लिवलंय."

"तो त्यांच्या खात्यातला पत्रव्यवहार. त्यानं मुदत थांबत नाही."

 ती म्हणाली, "लई चांगलं मानूस हाय ते. त्यास्नी तरास नगं म्हनून मालक तयार न्हवते."

"त्यांना कसला त्रास? दावा सरकारवर लागला असता. ते तर तुमच्या बाजूनं साक्षीला आले असते."

गोजरबाई उठली, पण पायरीपर्यंत जाऊन खालीच बसली. वकिलांनी आतून पाणी मागवलं. तांब्या तसाच ठेवून ती मोटारीच्या वाटेला लागली.

घरी सहादेवनं विचारलं, "काय म्हनलं वकील?"

"उशीर झाला म्हनले."

"आन पंतांचं नाव निघालं?"

"निघालं. मीच म्हनलं, चांगलं मानूस हाय."

"हायच," सहादेव म्हणाला. उरलेलं तिनं पोटातच ठेवलं.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी रंगनाथपंत कामानिमित्त तिकडं आले आणि वाट वाकडी करून घरी डोकावले. सहादेवनं त्यांचा चेहरा चाचपला आणि लहान पोरागत हसला. दोघं बराच वेळ बोलत बसले. पंत निघाले तेव्हा गोजरबाई वाटेवरच्या बाभळीपर्यंत त्यांच्याबरोबर गेली.

"सरकारनं दिलं ना काही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

ते थबकले. "मी लिहिलं होतं बाई. तीनदा लिहिलं होतं."

"म्हाईत हाय. पन वर्साची मुदत हुती म्हनं. तुमी तवा नुसतं म्हनला असता, वकिलाकडं जा..."

 पंत खाली मान घालून अगदी हळू म्हणाले, "मलाच ठाऊक नव्हतं."

 त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं, तशी ती माघारी वळली.

सहादेव एकोणपन्नास साली तापानं गेला. तोवर दारात दोर वळत बसायचा आणि येईल-जाईल त्याला सांगायचा, सरकारातबी देवमानसं असत्यात, आपल्याला तर पाठीवर घेऊन गेलता एक. गोजरबाई जवळ असली, तर काहीतरी काम काढून आत निघून जायची.