मतदान केंद्रावर घेतलेलं नाव

एकाहत्तर सालच्या निवडणुकीत आमच्याकडे मतदाराला फोटोचं ओळखपत्र नव्हतं. यादीतला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यायची, आपलं नाव सांगायचं. बाईमाणूस असेल तर नवऱ्याचंही सांगायचं. उमेदवारांच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली नाही की बोटाला शाई लागायची. कोल्हारपासून बैलगाडीनं तासाभरावर असलेल्या आमच्या गावात हे सगळं शाळेच्या एकाच खोलीत चालायचं.

वडील असताना आईला कधी अडचण आली नाही. ती नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या माहेरी मानत. तिची पाळी आली की वडील पुरुषांच्या रांगेतून आपलंच नाव मोठ्यानं सांगायचे आणि खोलीत हशा पिकायचा. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागं हे तिचं पहिलंच मतदान. त्यांनी एक मत चुकवलं नाही, मीही चुकवणार नाही, असं ती आठवडाभर म्हणत होती.

टेबलाशी बाहेरगावचा तरुण शिक्षक बसला होता. त्यानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. नवऱ्याचं विचारलं, ती गप्प. मागची एक बाई सवयीनं म्हणाली, "आत्याबाई, उखाना घ्या की," आणि लगेच तिनं जीभ चावली. उखाणा सवाष्णीनं घ्यायचा. 

पुरुषांच्या रांगेतून मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात विरुद्ध बाजूचा प्रतिनिधी बोलला. तो माझा चुलतभाऊ, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. "काकूला मी रोज बघतो. पन नियम म्हंजे नियम. ज्याचं त्यानं सांगावं." आमच्या घरची मतं कुठं जातात हे त्याला ठाऊक होतं.

केंद्राध्यक्ष समजूतदार होते. कोतवाल जेवायला गेलाय, तो आला की तुमची ओळख पटवेल, तोवर बाकावर बसा, असं त्यांनी सांगितलं. आई बसली. थोड्या वेळानं उठून पुन्हा टेबलाशी आली.

"मास्तर, माझ्या नावाफुडं त्यांचं नाव हाय का अजून? का खोडलं?"

"मतदार म्हणून खोडलंय, मावशी. पण तुमच्या नावापुढं तसंच आहे."

तिनं पदर सारखा केला आणि वडिलांचं नाव घेतलं. सासऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, बांधावरून हाक मारावी तसं स्वच्छ. ते मी इथं लिहीत नाही. चुलतभाऊ खुर्चीतून उठला होता. खाली बघत तो म्हणाला, "माझी हरकत न्हाई."

मत देऊन ती बाहेर आली आणि लिंबाखाली थांबली.

"बरूबर घेतलं का रं?"

मी हो म्हणालो.

"आयुष्य कमी हुईल म्हून इतकी वर्सं घेतलं न्हाई. तरी गेलेच. येकदा तरी त्यांच्यादेखत घ्यायला पायजे हुतं."

आम्ही मळ्याच्या वाटेला लागलो. ओढ्यापाशी, कुणी विचारलं नसताना, तिनं ते नाव पुन्हा एकदा घेतलं, या वेळी अगदी हळू. मी मुद्दाम दोन पावलं पुढं राहिलो.